मिशनच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उधई खायच्या आधी वाचवा

गावच्या ग्रुपवर जुन्या चर्चच्या शाळेची खोली पाडायची की ठेवायची यावरून जे चाललंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, पोस्ट मोठी आहे पण पूर्ण वाचा. एक बाजू म्हणते ती बाटवाबाटवीची शाळा होती, पाडली तर बरंच. दुसरी म्हणते गोऱ्या साहेबाचे उपकार आहेत. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही साहेबाबद्दलच बोलतात, शाळेत बसलेल्या पोरांबद्दल कोणी बोलतच नाही.

मिशनवाले शाळा कशाला काढत हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. माणूस वाचायला शिकला की बायबल वाचेल, एवढा सरळ हिशोब. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपुरात 1846 ला शाळा काढली तेव्हा तिथं भोसल्यांचंच राज्य होतं, इंग्रजांनी ते खालसा केलं 1853-54 ला. मग 1854 ला वूडचा खलिता, म्हणजे शिक्षणाबद्दलचा सरकारी आदेश, आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळायची वाट मोकळी झाली, पण अनुदान म्हटलं की तपासणी आली, इन्स्पेक्टर आला, नीट ठेवलेलं रजिस्टर आलं. हे रजिस्टर लक्षात ठेवा, त्याच्यासाठीच सगळी पोस्ट आहे.

हिस्लॉप गेला कसा हे आपल्याकडं किती जणांना माहीत आहे? बुटीबोरीजवळचं टाकळघाट, आज जिथं एमआयडीसीच्या गाड्यांची रीघ असते त्याच भागात, तिथली जुनी शिळावर्तुळं पाहायला तो 4 सप्टेंबर 1863 ला रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर गेला होता. बाकीची मंडळी पुढं निघाली, हा मात्र गावच्या शाळेतल्या पोरांची परीक्षा घ्यायला मागं थांबला, मग अंधारात एकटाच घोड्यावर निघाला आणि बोरीजवळ पाण्याला पूर आलेला, त्यात वाहून गेला. पुढं 1883 ला कॉलेज निघालं त्याला त्याचं नाव दिलं, ते योग्यच झालं, गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गाणं ज्यानं त्या काळात लिहून ठेवलं त्याचं नाव राहायलाच पाहिजे. पण खेड्यातली शाळा साहेब थोडीच चालवायचा? साहेब वर्षातून एखाददा यायचा. बाकीचं सगळं मास्तरच्या अंगावर, आणि मास्तरचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

आमच्या गावची शाळा म्हणजे चर्चला लागून एक खोली, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पहिली ते चौथी सगळे एकाच खोलीत आणि मास्तर एकच. सकाळी प्रार्थना, बायबलचा तास, मग पाढे आणि सरकारी पुस्तक. रविवारी तोच मास्तर उपासना घ्यायचा, एरवी अख्ख्या गावाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचा. माझी आजी सांगायची, "मास्तर पोट्ट्याईले धराले वावरापर्यंत ये, बापानं नाई म्हटलं तं धुऱ्यावरच बसून राहे." माझा आजा तिथं तिसरीपर्यंत शिकला. आमच्या घरात कोणी ख्रिस्ती झालं नाही, प्रार्थना मात्र आज्याला शेवटपर्यंत पाठ होती, आणि सावकाराच्या कागदावर अंगठा न लावता सही करणारा आमच्या घरातला तो पहिला माणूस. मिशनला जे द्यायचं होतं ते त्यांनी दिलं, लोकांना जे घ्यायचं होतं तेवढं लोकांनी घेतलं. आपले आजे-पणजे काही भोळे नव्हते.

आता रजिस्टर. मी ते हातात घेऊन पाहिलंय. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, काळी शाई तपकिरी झालेली. नाव, बापाचं नाव, धर्म-जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जुलै, 1 जुलै, 1 जुलै, कारण मायला फक्त आठवायचं की पोळ्याच्या आसपास झाला, नेमकी तारीख माहीत नसली की सगळ्यांना तीच एक टाकलेली. आणि शाळा सोडण्याची कारणं वाचा एकदा. गुरे राखण्यास. कापूस वेचणीस. परगावी गेल्याने. पोरींच्या पुढं लग्न झाल्याने. एका नावापुढं लाल शाईत फक्त मयत. आपल्या गावाचा इतका खरा इतिहास दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही, सातबाऱ्यावर तर ज्याच्याकडं जमीन त्याचंच नाव, इथं सालदाराच्या पोराचंही नाव आहे.

आणि हे नुसतं आठवणीपुरतं नाही बरं. कास्ट व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी, धावपळ केलेल्या कोणालाही विचारा. एससीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा, एसटीला 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. ज्याच्या घरी वावर नाही, जुना दस्त नाही, त्यानं आणायचा कुठून? आज्याच्या शाळेच्या दाखल्यातून. आमच्याच ओळखीतल्या एका पोरीचं ॲडमिशन अडलं होतं तर पणज्याची याच रजिस्टरातली नोंद कामी आली. पान फाटलं असतं तर पोरगी घरीच बसली असती.

त्याच रकान्यात दुसरीही एक गोष्ट दिसते आणि ती पाहून मला वाईट वाटतं. एका वस्तीतली, शेजारशेजारच्या घरातली दोन पोरं, एकापुढं जात लिहिलेली, दुसऱ्यापुढं ख्रिस्ती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्याच होत्या, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. शेतमजुरी दोघांच्या घरी सारखीच, पुढच्या पिढ्यांची वाट मात्र तिथंच फुटली. बाटवाबाटवी म्हणून ओरडणाऱ्यांनी हे पान बघावं, बाटून काय फायदा मिळाला ते तिथंच दिसेल.

1962 ला जिल्हा परिषदा झाल्या, गावोगाव सरकारी शाळा पोचली, मिशनच्या शाळेचा पट उतरत गेला. 1970 च्या नोव्हेंबरात आपल्या नागपुरातच वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेचा कोणाला भार नको होता. आता पोरं पिवळ्या बसनं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात आणि त्या खोलीत सोयाबीनचे कट्टे पडलेले असतात. रजिस्टर लोखंडी पेटीत आहे, पेटीच्या बुडाला भोक आहे, खालच्या दोन वह्यांना उधई लागली आहे. एका कार्यालयात विचारलं तर शाळाच बंद आहे, आता कायले पाहिजे म्हणाले.

म्हणून सरळ बोलतो. खोली पाडायची की ठेवायची ते ग्रामसभेत ठरवा, पण पेटी आधी बाहेर काढा. चर्चच्या मंडळींशी मी बोललोय, त्यांची ना नाही, फक्त चारचौघांसमोर पान मोजून पंचनामा करून द्या म्हणतात, रास्त आहे. प्रत्येक पानाचा नीट उजेडात फोटो घ्यायचा, एक प्रत चर्चकडं, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत. लोकांच्या जाती लिहिलेल्या आहेत, त्यामुळं ग्रुपवर एकही पान टाकायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना मोडी किंवा जुनं अक्षर वाचता येतं त्यांनी मला फोन करा. त्या शाळेत शिकलेले म्हातारे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्यांना मास्तरांची नावं विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, वेचणी लागायच्या आधी, मग कोणाला फुरसत नसते.