जनसुनावणी झाली म्हणजे लोकांना विचारलं, असं नाही

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी रीतसर झाली, विरोध मागाहून पेटवला गेला. हे पटत नाही. १६ मे २०१० ला माडबनला सुनावणी झाली, खरं आहे. पण माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल ही प्रकल्पात जमीन जाणारी गावं. त्यातल्या बहुतेक ग्रामपंचायतींना पर्यावरण अहवाल वेळेत मिळालाच नाही, ही तक्रार त्याच दिवशी मांडली गेली होती. आणि पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत द्यायचा असतो तो फक्त सारांश. सुनावणीला किमान किती माणसं हवीत याचीही अट नाही.

शेजारच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांची जमीन जात नाही, म्हणून मोबदल्याच्या यादीत ते आधी नव्हतेच. त्यांचा प्रश्न साधा होता: अणुभट्ट्या थंड करून समुद्रात सोडलेलं कोमट पाणी कुठल्या बाजूला जाणार, आणि पावसाळ्यानंतर आम्ही जाळी टाकतो तिथली मासळी राहणार का? याचं उत्तर बंदरावर जाऊन, नकाशा पसरून द्यायला हवं होतं.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. कोळसा कमी व्हायलाच हवा, आणि तेव्हा आखलेली ९,९०० मेगावॉट ही काही थोडीथोडकी वीज नव्हे. पण नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा सक्तीचं भूसंपादन उरकलेलं होतं. जमीन ताब्यात घेऊन झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देताच येत नाही. पुढे एप्रिल २०११ मध्ये प्रकल्पविरोधी आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला, त्याचा लेखात एका ओळीनेही उल्लेख नसावा?