लाल म्हणजे बंद

शेजारचे काका काल "दोनच मिनिटं" म्हणून आले आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. टेबलावर ब्लू पिल नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यात फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेची मेक्रिस्प ही आवृत्ती, आणि पोर्ट सी या पिनांच्या गटातल्या १३ नंबरच्या पिनवर एक हिरवा दिवा.

"एवढ्याशा दिव्याला एवढं टायपिंग?"

सांगितलं. आधी पोर्टाचं क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारे ठोके, चालू करायचं, नाहीतर पोर्ट ढिम्म हलत नाही. मग पिनचा मोड ठरवणाऱ्या रजिस्टरमधले (चिपमधला बिटांचा कप्पा) २० ते २३ हे चार बिट मास्क लावून, म्हणजे बाकीचे झाकून, 'बिक!'ने पुसायचे आणि 'बिस!'ने तिथे २ बसवायचे. (उद्गारचिन्ह माझं नाही, शब्दातच आहे; फोर्थमध्ये आज्ञेला शब्द म्हणतात.) मास्क न लावता सगळं रजिस्टर लिहिलं, तर बाजूच्या पिनांचीही वाट लागते.

"शेजाऱ्याला धक्का न लावता आपलं काम करायचं, काका. त्याला मास्क म्हणतात."

टोमणा वाया गेला.

मग टाइप केलं: १, १३, एलशिफ्ट, आउटपुट रजिस्टरचा पत्ता, बिस! म्हणजे १३ नंबरच्या पिनवर १ लिही. दिवा विझला.

"एक लिहिलं आणि बंद?"

"हो. शून्य लिहिलं की लागतो."

"बँकेत असं केलं असतं तर सस्पेंड झालो असतो मी."

ही पिन फार तर ३ मिलिअँपिअर आत ओढू शकते, बाहेर करंट देऊन एलईडी पेटवायला डेटाशीटच मनाई करते, म्हणून दिव्याचं दुसरं टोक ३.३ व्होल्टला जोडलंय, हे सगळं मी समजावलं. काका मान डोलावत होते. मी चहा ठेवायला आत गेलो. येऊन बघतो तर बोर्डाची वायर टेबलावर आणि लॅपटॉपला काकांचा मोबाईल.

"दिवा बंद होता. म्हटलं, झालं तुझं."

"बोर्डावरचा लाल जळत होता ना! तो वीज चालू असल्याचा!"

"लाल म्हणजे बंद. आमचा टीव्ही बंद केला की लालच असतो."

वीज गेली की रॅम रिकामी; तिच्यातले मी बनवलेले सगळे शब्द गेले. फ्लॅशमध्ये ठेवता येतात, पण अर्धकच्चं काम तिथे कोण कोरून ठेवतो? फोर्थ बनवणाऱ्या चार्ल्स मूरनी हीच भाषा अमेरिकेतल्या किट पीक डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीसाठी वापरली. त्या डोंगरावर चार्जिंगला शेजारी येत नसणार. इथे सोसायटीच्या पंपासाठी फुकट राबायचं, वर मीटिंगमध्ये "अजून झालं नाही का?" ऐकायचं. विचारणारे हेच काका.

जाताना म्हणाले, "सतराच टक्के झाली रे. तुझ्या लॅपटॉपला जोर नाही."