ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च ८४५ सालचं नाही

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, चिपिंग ऑन्गार गावाजवळ ग्रीनस्टेडचं छोटंसं लाकडी चर्च आहे. त्याचा फोटो आणि खाली ठरावीक मजकूर अशी पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: 'जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत. इ. स. ८४५ मध्ये बांधलेली, बाराशे वर्षं जशीच्या तशी उभी. संत एडमंडच्या मुक्कामासाठी ही बांधली. भिंतीतल्या भोकातून कुष्ठरोगी प्रार्थना ऐकत.' हे चर्च खरोखरच अपूर्व आहे, म्हणूनच त्याच्याविषयी असलं काहीबाही पसरलेलं मला बघवत नाही.

आधी ८४५. हे साल कुणी हवेतून काढलेलं नाही. १९६० च्या सुमारास भिंतींच्या ओक लाकडातली वार्षिक वलयं मोजून ते ठरवलं गेलं. पण ताडून बघायला इंग्लंडमधल्या ओकची भरवशाची वलयमालिका, म्हणजे कुठल्या वर्षाचं वलय किती रुंद याची सलग नोंद, त्या वेळी तयार नव्हती. १९९५ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हिशेब १०५३ च्या वलयाशी येऊन थांबला. त्याच्या बाहेर, सालीलगत, कच्च्या लाकडाचा थर असतो. जुन्या फळ्यांवर तो सहसा उरत नाही. ओकमध्ये या थरात साधारण १० ते ५५ वलयं धरतात. ती मिळवली की झाडं तोडल्याचा काळ १०६३ ते ११०८ असा येतो. म्हणजे पोस्टमधलं साल कमीत कमी दोनशे वर्षांनी चुकलं आहे.

ही दोनशे वर्षं किरकोळ नाहीत. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही दशकांत देशभर दगडी चर्चं उभी राहिली. ग्रीनस्टेडच्या भिंती त्याच उलथापालथीच्या काळातल्या आहेत, आणि तरी त्या जुन्या सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडमधल्या, सुतारकामाच्या आहेत. एसेक्समध्ये बांधकामाचा चांगला दगड जवळपास नाहीच. ओकची जंगलं मात्र होती. इथल्या सुतारांनी ओंडके उभे चिरले आणि गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत ठेवून ते शेजारी शेजारी उभे केले. कडांना खाचा पाडून दोन ओंडक्यांच्या मध्ये ओकची बारीक पट्टी बसवली, म्हणजे फटीतून वारापाऊस आत येऊ नये. आतल्या सपाट बाजूवर वाकसाने तासल्याच्या खुणा अजून दिसतात. ८४५ म्हटलं की सत्ता पालटत असताना आपल्या हातातली विद्या न सोडणारी ही माणसं गोष्टीतून पुसली जातात, आणि मला खरा राग त्याचा येतो.

'जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत' हा दावा तर ८४५ साल खरं धरलं तरी टिकत नाही. जपानमधल्या होर्यू-जी मंदिराच्या लाकडी वास्तू सातव्या-आठव्या शतकातल्या आहेत. उभ्या असलेल्या लाकडी चर्चांपुरतं बोलायचं, तर ग्रीनस्टेडचा मान मोठाच आहे. नॉर्वेतलं प्रसिद्ध उर्नेसचं चर्च बाराव्या शतकातलं, म्हणजे याच्यानंतरचं.

'जशीच्या तशी' हे शब्द लिहिणाऱ्याने फोटो तरी नीट बघायचा. जुने ओंडके आहेत ते फक्त मधल्या सभागृहाच्या भिंतींना. वेदीकडचा भाग विटांचा आहे, साधारण १५०० च्या सुमाराचा. पश्चिमेचा पांढऱ्या फळ्यांचा मनोराही मागाहून आलेला. छतातल्या खिडक्या आज दिसतात त्या रूपात एकोणिसाव्या शतकातल्या. त्याच शतकात, १८४८ च्या सुमारास मोठी दुरुस्ती झाली. ओंडक्यांचे बुडखे कुजले होते; तेवढा भाग कापून टाकला आणि भिंती विटांच्या जोत्यावर बसवल्या. भिंतीच्या तळाशी हे जोतं आजही स्पष्ट दिसतं. ते घातलं नसतं, तर कूज वर चढत गेली असती. ही इमारत उभी आहे ती वेळोवेळी हात फिरल्यामुळे, आणि 'जशीच्या तशी' म्हटलं की ते सगळे हात नाकारले जातात.

संत एडमंडची गोष्ट मात्र निराधार नाही. एडमंड हा पूर्व इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लियाचा राजा. डेनिश आक्रमकांनी ८६९ मध्ये मारलेल्या या राजाचे अवशेष नंतरच्या डेनिश हल्ल्यांमुळे लंडनला हलवले होते. १०१३ मध्ये ते परत नेताना ऑन्गारजवळ मुक्काम झाला आणि त्याची आठवण म्हणून तिथे लाकडी चॅपेल (छोटं प्रार्थनागृह) आहे, अशी जुनी नोंद आहे. पण या भिंतींचं लाकूड त्या मुक्कामानंतर किमान पन्नास वर्षांनी तोडलेलं आहे. तेव्हा मुक्काम इथेच झाला असं धरलं, तरी तो या भिंतींच्या आत झालेला नाही. १९६० च्या उत्खननात वेदीच्या भागाखाली आणखी जुन्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा मिळाल्या. जागा भिंतींपेक्षा पुष्कळ जुनी आहे, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

राहिलं ते भोक. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या भिंतीत लहानसा झरोका दिसला की तो 'कुष्ठरोग्यांचा' म्हणून सांगायची रीतच पडली आहे. ग्रीनस्टेडचं भोक जुन्या दाराजवळ आहे आणि ते पवित्र पाणी ठेवण्याचा कोनाडा असावा, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. शिवाय ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे पोपने रोममध्ये बोलावलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेने, ठरवून दिलं होतं, की एकत्र राहणाऱ्या कुष्ठरोग्यांना स्वतःचं चर्च, स्वतःचा धर्मगुरू आणि स्वतःची दफनभूमी असू द्यावी. इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी चालवलेल्या आश्रयगृहांना अशी चॅपेल होती आणि प्रार्थना तिथेच होत असे.