हिटलर हवा, पण कुणाच्या गल्लीत?

कोथरूडला मामाच्या सोसायटीत पार्किंगवरून जुंपली आणि रात्री घरच्या ग्रुपवर मामाचा निकाल आला: "या देशाला एक हिटलरच पाहिजे. वर्षभरात सगळे सुतासारखे सरळ!" खाली सात अंगठे. त्यातले दोन डॉक्टरांचे.

रेशनच्या रांगेपासून एसटीच्या गर्दीपर्यंत, आमच्या घरात प्रत्येक दुखण्यावर हाच काढा. लहानपणी मीही मान डोलवायचो. आता अमेरिकेतल्या जॉर्जियात राहून सतरा वर्षं झाली, म्हणून मामाला जरा शहाणपण शिकवावं असं वाटलं.

मामा, १९४६ सालचं अटलांटा बघ, असं मी लिहायला घेतलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचा निकालही लागायचा होता, तेव्हा इथे 'कोलंबियन्स' नावाची टोळी उभी राहिली. खाकी शर्ट, वर विजेचं चिन्ह, थेट हिटलरच्या एसएस दलाची नक्कल. एक म्होरक्या एमरी बर्क, दुसरा न्यूयॉर्कहून आलेला होमर लूमिस. सभासद व्हायला काळ्यांचा द्वेष, ज्यूंचा द्वेष आणि खिशात तीन डॉलर एवढं पुरे, असं तेव्हा म्हणत. काळी कुटुंबं राहायला येत होती त्या गल्ल्यांत 'ही गोऱ्यांची वस्ती' अशा पाट्या लावून हे लोक गस्त घालत, मारहाण करत. वर्तमानपत्रं खवळली, सरकारी वकील मागे लागले, १९४७ मध्ये म्होरक्यांना शिक्षा झाली. गोऱ्या दक्षिणेनंसुद्धा हिटलर वर्षभरात हाकलला. तुम्ही मात्र अजून आवताण देताय!

इथवर बोटं झरझर चालली. मग थांबली. कारण १९४६च्याच जुलैत युजीन टॅल्मेज जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांचं मतदान परत आणू म्हणत उमेदवारी जिंकला होता. आठवड्याभरानं मूर्स फोर्डच्या पुलाजवळ जमावानं दोन काळ्या जोडप्यांना गोळ्या घातल्या. त्यातला जॉर्ज डॉर्सी फौजेतून नुकताच घरी आलेला. शिक्षा कुणालाही नाही.

म्हणजे अटलांटाला राग कसला आला होता? गणवेशाचा. बाहेरून आलेल्या वाटणाऱ्या सोंगाचा. घरचं, साध्या कपड्यातलं मात्र चालू राहिलं. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. आणि ते सोंग तरी कुठे परकं? १९३५ चे न्यूरेंबर्गचे कायदे करण्याआधी नाझी वकिलांनी अमेरिकेतल्या वंशभेदाच्या कायद्यांचा अभ्यास केला होता. माहेरी परतलेली लेकच ती.

काळ्या सैनिकांना हे फार आधी कळलं होतं. बाहेर हिटलरवर विजय आणि घरी वंशभेदावर विजय, ही 'डबल व्ही'ची हाक १९४२ चीच. जर्मन युद्धकैदी हॉटेलात बसून जेवताना त्यांनी पाहिले होते, जिथे त्यांना स्वतःला मज्जाव होता. त्या रेट्यातून, आणि आयझॅक वुडर्ड या परतणाऱ्या सैनिकाचे डोळे पोलिसाने फोडल्यावर उसळलेल्या संतापातून, अध्यक्ष ट्रूमनने जुलै १९४८ मध्ये सैन्यातला भेदभाव संपवण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले, अध्यक्षपदासाठी स्ट्रॉम थर्मंडला उभं करून मोकळे झाले.

हे सगळं मामाला पाठवलं. वर टोमणाही मारला, की तुमच्या सोसायटीत भाडेकरूला आधी आडनाव विचारतात.

मामा रिटायर्ड असला तरी वाचतो. दुसऱ्या दिवशी एकच ओळ आली: "तुमच्या गल्लीत काळे किती रे?"

आम्ही अटलांटाजवळच्या फोर्साइथ काउंटीत राहतो. हायवे चारशेच्या एक्झिट चौदाला उतरून सात मिनिटं. १९१२ मध्ये इथून सुमारे ११०० काळ्या माणसांना धमकावून, जाळपोळ करून हाकलून दिलं. १९८७ मध्ये वंशभेदाविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा त्यावर दगड पडले, पुढच्या आठवड्यात वीसेक हजार लोक मोर्चात आले. आज इथे काळ्यांपेक्षा आम्ही देशी कितीतरी जास्त. गणपतीला क्लबहाऊस कमी पडतं. घर घेताना मी शाळांचं रेटिंग बघितलं, एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, फी बघितली. 'चांगला एरिया' म्हणजे काय हे ना एजंटने सांगितलं, ना मी विचारलं. दोघांना कळलं होतं.

मामाला उत्तर टाइप केलं, खोडलं. संध्याकाळी त्याचाच मेसेज आला, घराची किंमत आता किती झाली? ते लगेच सांगितलं.