डॉबरमनची कवटी आणि व्हॉट्सॲपवरचं शास्त्र

रावेरला माझ्या बहिणीकडे अडीच वर्षांचा डॉबरमन आहे. तिच्या सासूबाईंना कुणीतरी एक फॉरवर्ड पाठवला आणि तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय: कुत्रं जवळच्या पाल गावच्या जंगलात सोडून या. मजकूर थोडक्यात असा: डॉबरमनचा मेंदू आयुष्यभर वाढतो, कवटी वाढत नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी मेंदू दाबला जाऊन तो मालकाचाच गळा धरतो. कच्च्या मांसाने त्याला रक्ताची चटक लागते. राखणीला हवा असेल तर साखळीला बांधून मिरची चारा. आणि सरकारने ही जात बंद केली आहे. म्हणजे कुत्रं भयंकर आहे, आणि त्याला आणखी भयंकर कसं करायचं, दोन्ही एकाच मेसेजमध्ये!

आधी कवटी. पिल्लाची कवटी मेंदूच्या वाढीबरोबरच मोठी होते आणि मेंदूची वाढ साधारण पहिल्या वर्षातच संपते. मेंदूवर खरोखर दाब आला, गाठ झाली किंवा पाणी साचलं, तर कुत्रं गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, त्याला झटके येतात. वाढदिवस बघून गळा धरत नाही. मोठेपणी स्वभाव अचानक बदलला तर आधी दुखणं शोधा. कान सडला असेल, कंबर दुखत असेल. या जातीला खरी धास्ती हृदयाची असते. हृदय फुगतं, कुत्रं चक्कर येऊन पडतं. त्यावर फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

स्वभाव जातीवरून ठरतो, हेही अर्धवटच. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे समजतो, असं त्यात निघालं. उरलेल्यात कुत्रं वाढवलं कसं, हे आलंच.

आणि वाढवायची फॉरवर्डवाली रीत काय, तर साखळी आणि मिरची. मिरचीने पोट जळतं, बाकी काही नाही. तिने कुणी चावरं होत असतं तर शेवभाजी खाणारा अख्खा खान्देश एकमेकांना चावत सुटला असता. साखळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो. काळं, आखूड केसांचं कुत्रं पत्र्याच्या शेडखाली बांधलेलं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करायचं. हलता येत नाही, माणूस जवळ येत नाही. असं कुत्रं अंगावर येईलच. जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या डोबरमान नावाच्या कर वसुली करणाऱ्या माणसाने ही जात सोबतीला चालायला तयार केली, खुंटीला टांगायला नाही.

एक कबूल करतो. चाळीस किलोचं कुत्रं नुसतं खेळता खेळता पोराला आडवं करतं, परक्याला सहज जवळ येऊ देत नाही आणि त्याचा चावा पामेरियनसारखा नसतो. लहान मूल आणि कुत्रं यांना एकटं सोडू नयेच, जात कुठलीही असो. रोज फिरवायला वेळ नसेल तर डॉबरमन आणूच नका.

रक्ताची चटक वगैरे सोडून द्या. भाकरी खाणारी कुत्रीही चावतात. बंदीचं म्हणाल तर केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींबद्दल राज्यांना पत्र धाडलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिनाभरात रद्द केलं. त्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हताच. पाळलेलं कुत्रं जंगलात सोडून येणं मात्र प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. हे सासूबाईंच्या ग्रुपवर कुणी टाकेल का?