रविवार बघू नका, तिथी बघा

सोलापूरहून समुद्रावर सहल काढताना सगळे आधी सुट्टी बघतात, मग गाडी, मग जेवण. पाण्याची वेळ कुणीच बघत नाही. रात्री निघालेली गाडी मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत नऊ-दहाला रत्नागिरीत पोचते, आणि पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर नेमकी उधाणाची भरती चढत असते. तिथल्या भाट्याच्या किनाऱ्याची निम्मी वाळू पाण्याखाली, आणि पोरं कपडे काढून तयार!

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमाराला भरती, सव्वाबाराला ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. सहलीला षष्ठी ते अष्टमी उत्तम: पोचता तेव्हा पाणी मागे गेलेलं असतं, दुपारनंतर हळूहळू चढतं, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे ओढही कमी. तरी जायच्या आधी त्या बंदराचा भरतीचा तक्ता मोबाईलवर बघाच, पाऊणपट हा अंदाज आहे.

विहिरीत सूर मारणाऱ्यांना एक सांगणं. विहीर ओढत नाही, समुद्र ओढतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गडद दिसतंय, तिथेच पाणी आत जात असतं. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो; किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या, मग वळा. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊच नये. पावसाळ्यात तर कुणीच नाही.

बसायला सुरूचं बन. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ दिसते ना, तिथपर्यंत मागची भरती आली होती. तिच्या बरंच वर बसा. माडाखाली नको, नारळ पडतो. सुरूच्या वाळक्या काड्यांवर चूल तर अजिबात नको, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. अंथरायला सोलापुरी चादर नेऊ नका (आपल्या मालाची बदनामी नाही ही!), तिच्या विणीत शिरलेली वाळू घरी येईपर्यंत निघत नाही. ताडपत्री बरी.

जेवणात शेंगापोळी आणि शेंगाचटणी बिनधास्त. कडक भाकरी मात्र तिथल्या दमट हवेत तासाभरात सादळते आणि चिवट होते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, लागेल तेवढीच काढा. दही घरीच राहू द्या. प्यायला माणशी तीन लिटर पाणी धरा, घाम आपल्याकडच्यासारखा वाळत नाही. शिवाय पाय धुवायला गोड्या पाण्याचे दोन कॅन वेगळे. ते नसले की सगळी वाळू बसमध्ये येते आणि ड्रायव्हरशी घाटातच भांडण सुरू होतं.