हात बसलेल्या कारागिराला गार्ड नको?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीपर्यंत कारागिरांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: अपघात नवख्यांचे होतात, ज्याचा हात बसला आहे त्याला गार्डची, म्हणजे यंत्राच्या धोकादायक भागावरील संरक्षक आवरणाची, गरज नाही, फार तर त्याने हातमोजे घालावेत, मशीन बंद केले की धोका संपतो, गार्डमुळे काम रखडते, आणि तरीही लागलेच तर चूक कामगाराची. मिस्त्रींच्या कसबाचे कौतुक त्यात मिसळलेले असल्यामुळे तो पटकन पटतो.

आधी हाताच्या चपळाईचे पाहू. लेथचा 200 मिलिमीटर व्यासाचा चक, म्हणजे जॉब जबड्यांत पकडून फिरवणारा भाग, मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास असतो. काहीतरी बिनसले हे जाणवून हात मागे हलू लागेपर्यंत सावध माणसालाही सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, आणि तेवढ्यात चकाचे दोन फेरे पूर्ण होऊन जबड्यात अडकलेली बाही सव्वा मीटर ओढली गेलेली असते. अनुभवाने चुका कमी होतात हे खरे, पण झालेली चूक निस्तरायला यंत्र अनुभवी माणसाला जास्त वेळ देत नाही. शिवाय हात बसला की तो नजरेच्या मदतीशिवाय चालू लागतो. गुऱ्हाळातील चरकाचे रोलर लेथच्या मानाने फारच संथ फिरतात. तरीही उसाबरोबर बोटे फटीत गेली तर ती मागे घेता येत नाहीत, कारण तेथे चपळाईपेक्षा रोलरची पकड मोठी असते.

हातमोज्यांचा सल्ला तर फिरत्या यंत्रापाशी उलटाच ठरतो. भट्टीजवळ किंवा धारदार पत्रा हाताळताना ते हवेतच. परंतु ड्रिल वा लेथवर मोज्याचे टोक अडकले तर कापडाबरोबर हातही ओढला जातो. तेथे हात उघडे असावेत, बाह्या घट्ट असाव्यात आणि चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, हुकाने किंवा ब्रशने काढावी.

‘मशीन बंद केले की धोका संपतो’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते सावध माणसालाही फसवते. पॉवर प्रेसची मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील, म्हणजे तिचे जड चाक, काही काळ फिरत राहते, आणि त्या अवस्थेत क्लच लागला तर प्रेस पुन्हा खाली येऊ शकते. हायड्रॉलिक यंत्रात दाब कोंडलेला असतो, वर उचललेल्या रॅमला, म्हणजे दाब देणाऱ्या वरखाली होणाऱ्या भागाला, त्याचे स्वतःचे वजनच खाली आणू शकते. फाउंड्रीतील सँड मिक्सरमध्ये एक जण सफाईसाठी उतरलेला असताना पाळी बदलून आलेल्या दुसऱ्याने बटण दाबले, तर आतल्याचा अनुभव काय कामाचा? म्हणून मुख्य स्विच बंद करून त्याला आत जाणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी, साठलेली ऊर्जा काढून टाकावी किंवा उचललेल्या भागाला टेकू द्यावा, आणि मग चालू करून पाहून यंत्र खरोखर हलत नाही याची खात्री करावी. दोघे उतरणार असतील तर कुलपेही दोन हवीत.

गार्डमुळे काम रखडते या तक्रारीत थोडे तथ्य आहे. प्रत्येक नगाला चार बोल्ट सोडवावे लागणारा गार्ड कोणीही काढून ठेवील, विशेषतः मजुरी नगावर असेल तेव्हा. पण हा दोष त्या गार्डच्या रचनेचा आहे. बिजागरीचा, आणि उघडताच यंत्र थांबवणारा गार्ड बसवता येतो. प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे देता येतात. मात्र त्यांतले एक कागदाची घडी खुपसून कायमचे दाबून ठेवणे जमणार नाही, अशी त्यांची जोडणी असावी लागते.

राहिला चूक कोणाची हा मुद्दा. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 21 व्या कलमाने धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालण्याचे आणि ते भाग चालू असेपर्यंत ते जागेवर ठेवण्याचे बंधन घातले. चालू यंत्र तपासण्याची जी सवलत 22 व्या कलमात होती, तीही खास प्रशिक्षित, घट्ट कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या माणसापुरतीच. कामगाराने स्वतः जाणूनबुजून गार्ड काढला तर भरपाई नाकारण्याची मुभा 1923 च्या कायद्यात होती. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ती सबब त्यातही चालत नसे. आणि गार्ड मालकानेच काढायला लावला असेल, तर त्याला कामगाराची चूक म्हणताच येत नाही.